विश्लेषण : घरात रेकॉर्डिंग, स्कूटरवर विक्री... रेमोच्या कॅसेटमधून आजच्या बँडने काय घ्यावे?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या बँडला आज स्वतःचे गाणे रेकॉर्ड करायला लोकल पकडून मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागत नाही. मोबाइल, साधा माइक आणि एक अॅप पुरते. पण तयार झालेले गाणे नेमके कोणाचे? हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा विचारला जातो. त्यासाठी गोव्यातली १९८४ ची एक कॅसेट आठवायला हवी.

रेमो फर्नांडिस कोण?

पणजीत १९५३ मध्ये जन्मलेले रेमो हे गिटारवादक, बासरीवादक, गायक आणि गीतकार. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुरचना शिकताना ते ‘द सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्ये वाजवत. पुढे त्यांनी ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ हा स्वतःचा बँड उभा केला. हिंदी श्रोते त्यांना ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’मुळे (१९९५) ओळखतात. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कॅसेट कशी तयार झाली?

त्या काळी कंपन्यांचे लक्ष चित्रपटगीतांवर होते. रेमोंनी ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केला. वाद्येही स्वतःच वाजवली. चार ट्रॅक म्हणजे आवाजाचे चारच थर. तीन भरले की ते चौथ्यावर एकत्र करायचे आणि रिकाम्या झालेल्या तिनांवर पुढची वाद्ये घ्यायची. एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत, म्हणून आधीच सगळे ठरवावे लागे.

तयार कॅसेट रेमोंनी स्कूटरवरून गोवाभर फिरून विकल्या. ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५), ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हे अल्बम त्यानंतरचे. घरातल्या गाळ्यात माल बनवून दुकानोदुकानी विकणे उल्हासनगरला नवे नाही. रेमोंनी तेच गाण्याचे केले.

आज अडचण कुठे?

थर हवे तितके मिळतात. मात्र अनेक बँड गाजलेल्या गाण्यांच्या कव्हरवरच थांबतात. कव्हरला लाइक्स मिळतात, पण शब्द आणि चालीचा हक्क मूळ गीतकार-संगीतकारांकडेच राहतो. स्वतःचे गाणे असले तरी ते घाईत कंपनीच्या करारात अडकू शकते.

कायदा काय सांगतो?

गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. रेकॉर्डिंग करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा हा कायद्याने निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी अर्थात ‘आयपीआरएस’ करते.

मग बँडने काय करावे?

गाणे अपलोड करण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला आणि वाटा किती, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. गीतकार-संगीतकारांनी ‘आयपीआरएस’चे सभासद व्हावे. बँड अनेकदा मैत्रीतून उभा राहतो, त्यामुळे हा कागद मागायला संकोच वाटतो. पण गाणे चालल्यावर हिशेबावरून मैत्री तुटण्यापेक्षा हा संकोच परवडला.