सुईचे भय आणि रक्ताची तपासणी

पावसाळा तोंडावर आला की गुरांना घटसर्पाची व फऱ्याची लस टोचून घ्यावी, हे आपल्या शेतकरी मंडळींना नव्याने सांगावे लागत नाही. लोधीखेडा काय, सौंसर काय, पांढुर्णा काय, बैलाची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर सुई भरीत असतात तेव्हा धनी बैलाच्या मानेवर हात फिरवितो, त्याच्याशी हळू आवाजात बोलतो. भेदरलेल्या जनावराला कोणी हसत नाही, ‘एवढा मोठा बैल असून घाबरतोस’ असे त्याला कोणी म्हणत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो.

काही काळापूर्वी एक तरुण विवाहाची नोंद करण्यासाठी माझ्याकडे आला. अंगाने धिप्पाड, संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणारा, कपाळावर गोटमारीतल्या दगडाची जुनी खूण. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात चालणाऱ्या त्या दगडफेकीविषयी माझे मत मंडळींना ठाऊक आहे. शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. ते असो.) विवाहाच्या तयारीत मी वधूवरांना सिकलसेलची तपासणी करून घ्या असे सांगतो. मुलीने ती करून घेतली होती आणि तिच्यात तो दोष वाहक म्हणून निघाला होता. हा गृहस्थ मात्र आज पेरणी, उद्या फवारणी, परवा संत्र्याचा व्यापारी येणार, असे म्हणत तीनदा परत गेला. चौथ्या वेळी मी जरा चिडून विचारले, तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, “फादर, मले सुईचं भेव लागते. रक्त पायलं का डोळ्यापुढं अंधारी येते. घरी सांगतलं तर हासतीन.”

मला हसू आले नाही, याचे कारण मी स्वतः त्याच जातकुळीतला आहे. सेमिनरीत असताना आमची वैद्यकीय तपासणी झाली. नळीत रक्त चढताना मी पाहिले आणि डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, भोवती सोबती खो खो हसत होते. त्यानंतर कित्येक वर्षे मी रक्ततपासणी टाळली. बहाणे माझ्याकडेही होते, आणि ते पेरणीपेक्षा पवित्र वाटणारे होते!

या भित्रेपणामागे शरीराची एक खोड आहे. साध्या भीतीने छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. साप दिसला म्हणून सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही, तो पळत सुटतो. सुई आणि रक्त यांना भिणाऱ्या पुष्कळ माणसांत मात्र दाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो. मेंदूला रक्त कमी पोहोचते, घाम फुटतो, मळमळते, माणूस पडतो. ही खोड बऱ्याचदा घराण्यात चालत येते. ज्याचा बाप रक्त पाहून पडत असे, त्याच्या मुलाला मर्दपणाची शिकवण देऊन काय उपयोग?

म्हणूनच ‘अंग ढिले सोड’ हा आपला नेहमीचा सल्ला अशा माणसाला उलटाच पडतो. दाब खाली जात असताना अंग सैल सोडले तर तो आणखी खाली जायचा. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमका विरुद्ध उपाय शिकविला. मांड्या, पोटऱ्या, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ घट्ट आवळावी, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडावे, पण पुरते लोळागोळा होऊ नये. असे चार-पाच वेळा करावे. ज्या हातातून रक्त काढायचे तो हात तेवढा सैल ठेवावा. आधी आठवडाभर घरी सराव केला तर दवाखान्यात ते आपोआप जमते. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी, तसेच गरोदर बहिणींनी, आधी डॉक्टरांना विचारावे. जे पडत नाहीत, नुसतेच घाबरतात, त्यांना संथ श्वास आणि दुसरीकडे वळविलेली नजर पुष्कळ होते.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे आधी तोंड उघडून सांगणे. “सिस्टर, मला चक्कर येते, मला निजवून रक्त घ्या,” एवढे वाक्य पुरते. खाटेवर निजलेला माणूस पडणार कुठे? आधी पाणी भरपूर प्यावे. तपासणी उपाशीपोटी नसेल तर खाऊन जावे. सुई निघाल्यावर लगेच उठण्याची घाई करू नये.

एका भीतीला मात्र मी खोटी म्हणणार नाही. काचेची सिरिंज आणि उकळून पुन्हा वापरलेली बोथट सुई आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली आहे, आणि एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने कावीळ व एड्ससारखे रोग पसरले हेही खरे आहे. तेव्हा “सुई माझ्यासमोर फोडा” असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. कोणी रागावले तर रागावू द्या. परंतु ‘रक्त काढून विकतात’ ही जी कुजबुज वाड्यावस्त्यांवर चालते, तिचा हिशेब मांडून पाहावा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. सिकलसेलच्या पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकाचा थेंब लागतो. खात्रीच्या चाचणीला लागते ते चहाच्या चमच्याएवढेही नसते. कलम बांधताना जंबेरीचा काटा बोटात शिरतो तेव्हा याहून जास्त सांडते.

आता हा आग्रह कशासाठी, ते सांगतो. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. मग हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, लेकरू वारंवार आजारी पडते. आपल्या भागाला हा आजार नवा नाही. नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाविषयी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. गोंड व इतर आदिवासी समाजांत तो अधिक आढळतो, पण फक्त त्यांच्यातच असतो असे नाही. ‘आमच्यात नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने तपासून मग बोलावे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले होते.

वाहक माणूस स्वतः बहुधा ठणठणीत असतो. म्हणून तर तपासल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा दोघांनी लग्न करू नये असे मी म्हणत नाही. अहवाल नाही म्हणून विवाह अडविण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी इच्छाही नाही. पण जाणून केलेले लग्न आणि झाकून केलेले लग्न यांत फरक आहे. आधी माहीत असेल तर बाळाची तपासणी लवकर होते, औषध वेळेवर सुरू होते. वावरातली माती तपासल्याशिवाय खत टाकू नये असे आपण म्हणतो, मग घर उभारताना एवढी टाळाटाळ का?

आणि ही भीती आपण घरातच पेरतो. “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील,” असे आपल्यापैकी किती जण लेकरांना सांगतात? सुई ही शिक्षा आहे हे चौथ्या वर्षी मनात रुजले की चाळिसाव्या वर्षी ते उपटणे कठीण. ‘काही दुखत नाही’ हेही खोटे सांगू नये. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, मी जवळ आहे’ असे म्हणावे. लेकराला झोपवून दाबून न धरता मांडीवर बसवावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला लस देताना छातीशी घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. आमच्या आयांना ते कोणी न सांगता कळत होते.

त्या तरुणाने आठ दिवस माझ्या ओसरीवर मुठी आवळण्याचा सराव केला. नंतर आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. तो निजला, त्याची होणारी बायको उशाशी उभी राहून त्याला संत्र्याचा भाव विचारीत राहिली, आणि भाव सांगता सांगता रक्त काढून झाले. निकाल त्या दोघांचा आहे, तो येथे छापण्याचा नाही.

माझे वय सिकलसेलच्या मोहिमेत बसत नाही, पण साखरेची तपासणी माझीही राहिली आहे. आपल्या गावी तपासणीचे पथक येईल त्या दिवशी पहिल्या खाटेवर मी निजलेला असेन, मुठी आवळून. ज्यांना एकटे येण्याची लाज वाटते त्यांनी आदल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मला गाठावे, आपण बरोबर जाऊ.