सी म्हणता म्हणता डी गेली

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून डीटीपीवाल्या वाचकांची जी पत्रे येत आहेत, त्यांतली बहुतेक एकाच वळणाची आहेत. जुने मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून नवे घेतले. जुन्यातला सगळा डाटा नव्याच्या डी ड्राइव्हला टाकला आणि जुने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकले. मग कळले की नव्यावर पेजमेकर नीट चालत नाही आणि फॉन्टचे डोंगल ओळखले जात नाही. मेकॅनिकला बोलावले, ‘भाऊ, सी फॉरमॅट करून विंडोज ७ टाकून दे’ म्हणून सांगितले. संध्याकाळी विंडोज ७ सुरू झाले आणि डी ड्राइव्ह रिकामी होती.

हा दोष नशिबाचा नाही. नवी मशीने जीपीटी पद्धतीने विभागलेली डिस्क घेऊन येतात. लेगसी मोडमध्ये विंडोज ७ चा सेटअप अशा डिस्कवर इन्स्टॉल व्हायला नकार देतो. मेकॅनिक मग शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडतो, ‘क्लीन’ देतो आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची करून घेतो. ‘क्लीन’ला सी आणि डी कळत नाहीत. ती आज्ञा निवडलेल्या अख्ख्या डिस्कची पार्टिशने उडवते. बत्तीस बिटचेच विंडोज हवे असा हट्ट असेल, तर हा प्रसंग ठरलेलाच. आणि तो हट्ट आपलाच असतो, कारण जुन्या सॉफ्टवेअरचा सोळा बिटचा इन्स्टॉलर चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालतच नाही.

‘रिकव्हरीने काढू’ हे वाक्य आता तरी बंद करा. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट फक्त फायलींची नोंदवही नवी करत असे. मूळ डाटा जागेवर असे आणि बरेच काही परत मिळे. एसएसडीवर तसे नाही. साटा एसएसडी फॉरमॅट करताना विंडोज ७ सुद्धा डाटाची जागा मोकळी करण्याची ट्रिम आज्ञा पाठवते, आणि ट्रिम गेल्यावर कुठलेही रिकव्हरी सॉफ्टवेअर हात टेकते. त्यात अनेक नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीच चालू असते. विंडोज ७ साठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केले की लॅपटॉप रिकव्हरी की मागतो. ती की कुणाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडली आहे, हे मालकालाही ठाऊक नसते, कारण ते खाते दुकानदाराने उघडून दिलेले असते.

एवढे करून विंडोज ७ बसलेच, तरी सुख नाही. त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, म्हणून कीबोर्ड-माउस मेलेले. एनव्हीएमई डिस्क त्याला आपणहून दिसत नाही. कित्येक नव्या बोर्डांवर जुन्या पद्धतीने बूट करू देणारे सीएसएम उरलेलेच नाही. आणि १४ जानेवारी २०२० लाच ज्याचा आधार संपला, त्या विंडोजवर तुम्ही ग्राहकांचे पेनड्राइव्ह लावणार आणि बँकेचे व्यवहारही करणार.

आता आपल्या डोक्यावर बसलेल्या सरकारी कार्यालयांविषयी. शासनाने मराठीसाठी युनिकोडचा आग्रह धरून वर्षे लोटली. तरीही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या धावपळीत बर्डीवरच्या डीटीपीवाल्याच्या टेबलावर येणारी वर्ड फाइल कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये असते. फॉन्टचे नाव विचारले तर ‘तुमच्याकडे असेलच’ असे उत्तर मिळते. काम करून द्यायचे ते मात्र युनिकोडमध्ये, रात्रीतून. परत गेलेल्या फाइलमध्ये रफार सरकला किंवा ‘दऱ्या’चा ‘र’ मोडला की चूक आपली. जे कार्यालय युनिकोड मागते, त्याने आपला मजकूर युनिकोडमध्येच द्यावा, एवढे साधे परिपत्रक कुणालाही काढता येत नाही काय? फॉन्ट कंपन्यांनीही जुन्या डोंगलचा प्रश्न इतकी वर्षे ग्राहकाच्या गळ्यात टाकून ठेवला आहे. ज्याने पैसे मोजून परवाना घेतला, त्याला जुना फॉन्ट केवळ उघडून मजकूर काढून घेण्यापुरता वाट देणे कंपनीला अवघड नाही.

पण कार्यालयांना बोलून आपले भागणार नाही. पेजमेकर ७ हा २००१ चा. त्याला युनिकोड देवनागरी येत नाही आणि कधी येणारही नाही. इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ पासून भारतीय लिप्यांची जुळणी होते. चौदा वर्षे हातात होती. दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका पुन्हा पुन्हा छापल्या जातात. त्यांतल्या कितीतरींचा मूळ मजकूर आपल्याच जुन्या फायलींत आहे. त्या फायली उघडणारे एकुलते मशीन फॉरमॅट झाले, तर ती पुस्तिका पहिल्यापासून कंपोज करावी लागेल. तीही जुनी छापील प्रत मिळाली तरच.

म्हणून एवढे कराच. नव्या मशीनच्या विंडोजला हात लावू नका. जुने विकू नका. त्याची नेट केबल काढा आणि ते फक्त जुन्या फायली उघडण्यासाठी ठेवा. ते शक्य नसेल, तर नव्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्याच्या आत बत्तीस बिटचे विंडोज ७ बसवा. यूएसबी डोंगल त्याला जोडून देता येते. प्रिंटर पोर्टवरच्या डोंगलसाठी मात्र जुने मशीनच लागेल. फॉरमॅट करायचेच असेल, तर आधी डाटा दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. त्या डिस्क मशीनपासून काढून ठेवा आणि मेकॅनिकला ‘क्लीन’ देण्याआधी विचारायला लावा. मेकॅनिक मंडळींनी ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय डिस्कपार्टला हात लावू नये. फक्त विंडोज १० वर परतायचे असेल, तर लक्षात ठेवा: विंडोज ११ प्रोच्या परवान्यातली १० प्रोवर उतरायची मुभा १० चा आधार असेपर्यंतच होती, होममध्ये तर ती नव्हतीच. आणि १० टाकल्यावर मंगल किंवा कोकिला हे फॉन्ट दिसले नाहीत, तर घाबरून पुन्हा फॉरमॅट करू नका. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट जोडून घ्या.

आणि एक विनंती. तुमच्या मशीनवर कुठले जुने मराठी फॉन्ट आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, आणि युनिकोडमध्ये नेताना कोणती अक्षरे मोडतात, हे कागदावर लिहून आम्हाला पाठवा. ऱ्ह, ऱ्य, रफार आणि अर्धा श यांच्याकडे विशेष बघा. पुढच्या अंकापासून फॉन्टवार यादी छापू. इतवारीत एकाने सोडवलेली अडचण महालातल्या दुसऱ्याला पुन्हा सोडवायला लागू नये.