खरा विजय

१० मे १७९६ रोजी इटलीतील लोदीच्या पुलावर नेपोलियनने ऑस्ट्रियाच्या सैन्यास हटविले. त्यानंतर चारच दिवसांनी इंग्लंडातील बर्कली गावी एडवर्ड जेन्नर या वैद्याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील लस आठ वर्षांच्या मुलास टोचली. तो फोड गाईंच्या सौम्य देवीचा होता. त्यायोगे त्या मुलास भयंकर देवीपासून अभय मिळाले. लोदीचा जयघोष दूरवर झाला. जेन्नरच्या शोधाकडे प्रथम विद्वानांनीही पाठ फिरविली. परंतु १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनची सत्ता लयास गेली. लस मात्र १८०२ सालीच मुंबईस पोहोचली होती, आणि १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. इतिहासाचे खरे वळण तोफांच्या गडगडाटावरून नव्हे, तर वाचलेल्या प्राणांवरून ओळखावे.