वकीलपत्र आणि मत

महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यानेच महाराष्ट्राचे तुकडे मागावेत म्हणजे कुंपणाने शेत खाल्ले, असा जो आक्षेप २०१६ च्या मार्चात श्रीहरी अणे यांच्यावर मोठ्या आवेशाने घेतला गेला, त्यातील आवेश कधीच ओसरला, परंतु त्यामागील गैरसमज मात्र अद्याप शाबूत आहे, परवाच येथे देवरीस कचेरीबाहेरच्या टपरीवर एका वकील मित्राने तो मला पुन्हा ऐकविला आणि वर, "खाल्ल्या मिठाला जागायला नको काय?" अशी पुस्ती जोडली.

मिठाचा हा दृष्टान्तच मुळात फसवा आहे. महाधिवक्ता हा मंत्रिमंडळाच्या पदरचा कारकून नव्हे. संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदान्वये राज्यपाल त्याची नेमणूक करतात, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची अर्हता त्याच्या अंगी असावी लागते, आणि १७७ व्या अनुच्छेदाने त्याला विधिमंडळात बोलण्याचा अधिकार दिला आहे, मताचा नाही. जो मत देऊ शकत नाही पण बोलू शकतो, त्याच्याकडून संविधानाची अपेक्षा हुजरेगिरीची नसून सल्ल्याची आहे, हे उघड आहे. अशिलाचे काम चोख बजावणे हे त्याचे इमान, आणि त्यात अण्यांनी कसूर केल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. गोवंश हत्याबंदीच्या कायद्याची बाजू उच्च न्यायालयात सरकारतर्फे त्यांनीच मांडली होती. १९५७ ते १९७४ इतका प्रदीर्घ काळ हेच पद भूषविणारे एच. एम. सीरवई केशवानंद भारती खटल्यात केरळ सरकारतर्फे उभे राहिले, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असे त्यांनी हिरीरीने प्रतिपादिले, आणि पुढे आणीबाणीच्या अनुभवानंतर आपल्या ग्रंथात ते मत त्यांनी बदलले. त्यांना कोणी द्रोही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

यावर माझे मित्र म्हणतात, की घटनेचा अर्थ निराळा आणि राज्याची सीमा निराळी. बरे, सीमेचेच बोलू. आमच्या घरच्या दप्तरात एका बांधीची मिसल आहे, कसरीने कडा खाल्लेली. तिच्यातील १९५५ च्या कागदावर मध्यप्रदेशाचे नाव आहे, १९५८ च्या कागदावर मुंबई राज्याचे, १९६१ च्या कागदावर महाराष्ट्राचे. आणि १९९९ नंतरच्या नकलेवर भंडारा जाऊन गोंदिया जिल्हा आला आहे. बांधी जागची हलली नाही, धानही तेच पिकते. शिरपूरच्या नाक्यापलीकडील शेतकऱ्याने तर २००० सालच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेशात निजून छत्तीसगडात डोळे उघडले. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिलेला आहे. तेव्हा संविधानानेच ठेवलेल्या दारावर थाप मारणे हा द्रोह कसा ठरतो? गंमत अशी, की बेळगावसाठी खुद्द महाराष्ट्र शासनच २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमा बदलून मागत आहे.

मात्र अण्यांच्या भक्तांशीही माझे जमत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी विदर्भासाठी सार्वमताची भाषा केली, २० मार्च २०१६ रोजी जालन्यात मराठवाड्यावर विदर्भाहूनही अधिक अन्याय झाल्याचे सांगून त्याच्याही स्वातंत्र्याचा विषय काढला, विधिमंडळात गदारोळ उठला आणि २२ मार्चला त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. हा राजीनामा म्हणजे सत्यवक्त्याचा बळी, असे भक्त म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याचे वकीलपत्र आपल्या हाती आहे त्या अशिलाविरुद्ध आपलेच जाहीर वाक्य उद्या प्रतिपक्षाचा वकील वाचून दाखवील, ही शक्यता बेळगावच्या दाव्याच्या काळात तरी काल्पनिक नव्हती. मत सोडायचे नसेल तर वकीलपत्र सोडावे लागते. ते त्यांनी जालन्याच्या भाषणाआधी सोडले असते तर अधिक शोभले असते, इतकाच माझा त्यांच्यावरील आक्षेप. पुढच्या महिन्यात वाढदिवसाला नकाशाचा केक कापण्याचा जो प्रकार नागपुरात झाला, तो तर मला निखालस पोरकट वाटला. ज्या प्रश्नावर आयोग बसले, करार झाले, त्याची किंमत त्या सुरीने उगाच उतरविली.

तरीही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वकिली शिस्तीचे कृत्य मी त्या राजीनाम्यालाच म्हणेन, आणि ते त्यांच्या घराण्यात नवे नव्हते. आजोबा लोकनायक बापूजी अणे, मूळचे वणीचे, टिळकांचे अनुयायी, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांच्यावरही मिठाचाच आरोप झाला, फक्त उलट बाजूने. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारचे धोरण मनाला पटेना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी ते पद सोडले. पुढे बिहारचे राज्यपालपद भोगून हेच बापूजी लोकसभेत नागपूरचे प्रतिनिधी झाले आणि अखेरपर्यंत विदर्भाची मागणी करीत राहिले.

हे सारे मी मित्रास सांगितले. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, की मिसल एकदा पाहायला हवी, कारण त्या बांधीच्या धुऱ्याचा दावा शेजाऱ्याने नुकताच दाखल केला आहे आणि त्याचे वकीलपत्र त्यांच्याच हाती आहे.