खाऱ्या हवेत स्वस्त कॅमेराच बरा

रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे आणि नावाजलेल्या मॉडेलांचे भाव चढले आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने या चढाओढीत पडू नये. इथे रोजच्या वापराला स्वस्तातला, साधा कॅमेराच योग्य, आणि त्याचं कारण खिशाइतकंच हवेतही आहे. पावसाळ्यात अलिबाग-मुरुडकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लेन्सवर बुरशी धरायला त्याहून बरीच कमी पुरते. ती वाढते अंधाऱ्या, कोंदट जागी, म्हणजे नेमकी चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात जपलेल्या कॅमेऱ्यात. महागाचा कॅमेरा वाळूच्या भीतीने कपाटातच राहतो. दोन-तीन हजारांचा मात्र रेवदंड्याच्या बाजारात, मांडव्याच्या जेटीवर, सुपारीच्या वाडीत बिनधास्त फिरतो. त्याला ऊन-वारा लागतो आणि त्याची काच स्वच्छ राहते.

स्वस्त म्हणजे काहीही उचलावं असं नाही. आग्फा क्लिक थ्री आजही कमी पैशांत मिळतो, पण त्याला १२० चा रोल लागतो आणि त्यात फोटो निघतात फक्त १२. याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्स सुरेख. मात्र या कॅमेऱ्याचा मूळ पाऱ्याचा सेल आता बनत नाही, आणि खाऱ्या हवेत सेलच्या कप्प्यातले पत्रे गंजतात ते वेगळंच. सेलवाचून शटर चालणारा ३५ मिमीचा कॅमेरा इथे सर्वांत भरवशाचा. लाइट मीटर बंद असला तरी अडत नाही: भर उन्हात १०० आयएसओचा रोल, छिद्र १६ वर, शटर सेकंदाच्या १२५व्या भागावर, आणि पांढऱ्या वाळूवर छिद्र आणखी एक घर लहान. पैसे देण्याआधी लेन्समधून टॉर्च पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कॅमेरा परत ठेवावा.

रोल परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. आता फिल्म बाहेरून येते, आणि रंगीत रोल, धुलाई, स्कॅन मिळून खर्च सहज हजाराच्या वर जातो. पण म्हणूनच कॅमेऱ्यावर कमी खर्चावं, म्हणजे रोलला पैसे उरतात. महिन्याला एक रोल, ३६ फोटो, एवढी शिस्त पुष्कळ झाली. कृष्णधवल रोल घरी धुता आला तर खर्च आणखी उतरतो.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. रोजच्या कामाला मोबाइल चांगलाच आहे. पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. सेल न लागणारा कॅमेरा अशा दिवसांतही चालतो. शिवाय वाडी उभी असतानाचे साधे, रोजचे फोटो पुढे मोलाचे ठरतात, आणि मोबाइल बदलताना आधी तेच हरवतात. निगेटिव्हलाही दमट हवा बाधते, हे मान्य. पण कोरडी ठेवली तर ती नातवंडांनाही उजेडात धरून पाहता येते. तेवढ्यासाठी एक पथ्य पाळावं. पावसाळ्याच्या तोंडावर अर्धा राहिलेला रोल कॅमेऱ्यात ठेवू नये, कारण ओल आणि उष्म्याने न धुतलेलं चित्र फिकटतं. मेअखेर तो संपवून धुलाईला द्यावा.