नाव मोठे की मार्गदर्शक मोठा?

व्यवसायोपचार शिकणारी आमच्या गावची एक मुलगी परवा वडिलांना घेऊन आली. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी कुठे जावे, हा तिचा प्रश्न. ‘मोठे रुग्णालयच हवे, नावाला किंमत असते,’ हे वडिलांचे मत. मला ते पटले नाही.

व्यवसायोपचार म्हणजे धंदेशिक्षण नव्हे. आजाराने किंवा अपघाताने अडलेली जेवण, अंघोळ, लिखाण, शेतीकाम अशी रोजची कामे रुग्णाला पुन्हा जमावीत, यासाठीचा हा उपचार. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. जागतिक संघटनेच्या दंडकाप्रमाणे विद्यार्थ्याला किमान १००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. हे तास कसे जातात, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

मी शिकत असताना अर्धांगवायू झालेले एक शेतकरी माझ्याकडे होते. त्यांना मी रोज फळीवरच्या लाकडी खुंट्या उचलायला लावी. आठवड्याने ते म्हणाले, ‘ताई, खुंट्या उचलून म्हशीची धार कशी काढू?’ मी निरुत्तर झाले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र रबरी हातमोज्यात पाणी भरले, बोटांना टाचणीने भोके पाडली आणि तो टांगून दिला. धारेचा सराव सुरू झाला. त्या दिवशी मी जे शिकले, ते पुस्तकात नव्हते.

म्हणून जागा ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मार्गदर्शक स्वतः व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे का? रुग्णांविषयी बोलायला तो नियमित वेळ देईल का? रुग्णाचे घर, शाळा, कामाची जागा पाहायला मिळेल का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे तुम्ही बिनपगारी मदतनीस ठराल.

सुरुवातीचे दिवस बरेचसे पाहण्यात आणि नोंदी लिहिण्यात जातील. काही जण तुम्हाला फिजिओथेरपीचेच विद्यार्थी समजतील. रागावू नका, फरक समजावून सांगा. मुले, मनोरुग्ण, हाताच्या दुखापती अशा निरनिराळ्या रुग्णांत काम मागून घ्या. राहण्याजेवण्याच्या खर्चाची चौकशी आधीच करा.

पालकांना एवढेच सांगणे, की रुग्णालयाची पाटी प्रमाणपत्रावर शोभते. रुग्णाच्या उपयोगी पडते ती मार्गदर्शकाने दिलेली नजर.