गिरणीवरची पाळी

गेल्या महिन्यात हिंडलग्यास आमच्या थोरल्या बहिणीकडे दोन दिवस मुक्काम घडला. आक्का घरी बसून लग्नपत्रिका जुळवून देते. बेळगावच्या छापखान्यांतून तिला काम येते. एक पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी छापावयास जायची होती आणि नेमका त्याच संध्याकाळी संगणक हटून बसला. अक्षर दाबावे आणि ते पडद्यावर उमटण्याची वाट पाहावी. अधीरतेने पुन्हा दाबावे तर वधूच्या नावात वेलांटी दोनदा! "याचं वय झालं रे, दुकानदार नवाच घ्या म्हणतो," असे म्हणत तिने भिशीचे पैसे मोजावयास काढले होते.

आम्ही म्हटले, "आक्का, थांब. आधी गर्दी कोणाची आहे ते तरी बघू."

तिच्या संगणकावर लिनक्स आहे. तेथे 'टॉप' ही आज्ञा दिली की कोणते काम प्रोसेसरचा किती वेळ खाते, याची यादी येते. माथ्यावर आमच्या भाच्याचे काम! मित्राच्या लग्नाची चित्रफीत लहान करावयास लावून स्वारी क्रिकेटला गेली होती. प्रोसेसरचे चारही कोअर तिनेच अडविले होते. (प्रोसेसर मोकळा आणि डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला असे दिसले असते, तर दोष स्मृतीचा वा डिस्कचा, मग पुढील उपायाचा उपयोग नाही.)

पिठाच्या गिरणीवर कोणी ज्वारीची पोती आणून टाकली आणि आपण शेरभर गव्हाचा डबा घेऊन उभे राहिलो, तर समंजस गिरणीवाला मधेच आपला डबा उरकून देतो. मात्र फारच वेळा धान्य बदलले तर जाते झाडण्यातच दिवस जाईल. संगणकातील हा गिरणीवाला म्हणजे 'शेड्यूलर'. सेकंदाच्या काही सहस्रांशांचे घास करून तो प्रत्येकाला पाळी देतो. टंकलेखनाला वेळ थोडाच लागतो, पण तो तत्काळ लागतो. अडचण आहे ती तिथे.

ही विवंचना जुनीच आहे. 1961 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये कोर्बाटो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना पाळीपाळीने काम करू देणारी प्रणाली दाखविली. पुढे लिनक्सवर घरगुती वापरणाऱ्याची कड घेऊन भांडले ते कॉन कोलिव्हास. हे मेलबर्नचे भूलतज्ज्ञ डॉक्टर! रोग्याची नाडी पाहणाऱ्याला यंत्राचा अडखळ खुपावा, याचे आम्हांस मुळीच नवल वाटत नाही. 2007 मध्ये त्यांची रचना मागे राहून इंगो मोल्नार यांची 'सर्वांना समन्याय' देणारी रचना स्वीकारली गेली. ऑक्टोबर 2023 च्या 6.6 आवृत्तीपासून तिच्या जागी, उत्तराची घाई कोणाला आहे हेही पाहणारी रचना आली.

परंतु कोणते काम घाईचे, हे घरच्यांनी सांगितल्यास अधिक बरे. त्यासाठी 'नाइस', म्हणजे सौजन्याचा अंक आहे: उणे 20 ते 19. अंक जितका मोठा तितके ते काम इतरांना पुढे जाऊ देते. मोल्नार यांच्या रचनेत शून्य अंकाच्या कामाचे वजन 1024, तर 19 अंकाच्या कामाचे केवळ 15. एकाच कोअरवर दोघे भिडले तर पहिल्यास शंभरातील साडेअठ्ठ्याण्णव वाटे मिळतात. काही ठिकाणी कामांचे आपोआप गट पडतात. तेथे हा अंक गटाच्या आतच चालतो, हे ध्यानात असावे. विंडोज असलेल्या घरी टास्क मॅनेजरच्या तपशील-यादीत त्या कामाचा अग्रक्रम सामान्याहून खाली आणावा. आपल्याच कामाला 'रिअलटाइम' हा सर्वोच्च मान देण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने माउस आणि कळफलकच गोठून बसण्याचा संभव असतो.

आम्ही चित्रफितीला 19 अंक दिला. आक्काने एक ओळ टंकून पाहिली, मग काही न बोलता पुढची. भाचा घामाघूम होऊन परतला तेव्हा पत्रिकेची मुद्रिते तपासून झाली होती, आणि त्याची चित्रफीतही मागे चालूच होती. "माझं काम कुणी बंद केलं नाही ना?" त्याने विचारले. आक्काने भिशीची पिशवी कपाटात ठेवली आणि त्याला आधी हातपाय धुवावयास पाठविले.